खिलार, पंढरपुरी, माडग्याळ: जातीतला जनुकीय फरक तपासायचा कसा, टिकवायचा कसा

सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात पांढरं अंग, उभी शिंगं आणि तरतरीत चाल असलेला खोंड दिसला की तो "खिलार" ठरतो. पण याच खोंडाच्या पणजीला कधी जर्सीचं रेतन झालं असेल, तर ते तीन पिढ्यांनंतर बघून सांगता येत नाही. उलट अस्सल खिलार गाय दुष्काळात वाढली, खुरटली, तर तिला "गावठी" म्हणून कमी भाव येतो. म्हणून गावाने, पशुपालक गटाने किंवा मेंढपाळांच्या संघाने जातीचं काम हाती घेतलं की नजर आणि प्रयोगशाळा दोन्ही लागतात, आणि दोन्ही कुठे फसतात हेही माहीत असावं लागतं.

सुरुवात नमुन्यांपासून करू नका, प्रश्नापासून करा. जनावरात परकं रक्त किती, हा एक प्रश्न. हे वासरू याच वळूचं का, हा दुसरा. आपला कळप आतल्या आत किती जवळचा झालाय, हा तिसरा. तिन्हींना चाचणी वेगळी, नमुने घ्यायची पद्धतही वेगळी. "डीएनए करून टाका" असं सांगून पाठवलेले नमुने बहुतेक वेळा कशाचंच उत्तर देत नाहीत.

आधी टेप आणि वही

खिलारमध्ये जुन्या वर्णनांनुसार चार प्रकार धरतात: आटपाडी महाल म्हणजेच हणम, म्हसवड, खानदेशाकडचा तापी किंवा थिल्लारी, आणि नकली. (नकली हे प्रकाराचं नाव आहे, शिवी नव्हे, तरी बाजारात ते कुणी मालकासमोर उच्चारू नये.) म्हसवड खिलार करडा-पांढरा असतो, नराचे खांदे आणि मागचे फरे गडद. तापीकडच्या जनावराचं नाक आणि खूर गाजरी छटेचे, नकलीच्या पुढच्या भागावर विटकरी झाक. आपल्याकडे लोक रंगावरून कोसा, काजळी अशी नावं घेतात, तीही वहीत जशीच्या तशी लिहा. मालकाचा शब्द हा सुद्धा माहितीचाच भाग.

रंगावर निकाल मात्र देऊ नका. खिलारच्या तान्ह्या वासराचा माथा तांबूस असतो आणि दोनेक महिन्यांत तो रंग जातो. ते बघून "यात लाल कंधारी आहे" म्हणणारे भेटतात. वळू गडद दिसतो, तोच खच्ची केला की उजळतो. रंग ठरवणारी जनुकं मोजकीच असतात. दूध, ऊन सोसणं, वेतातलं अंतर या गुणांमागे शेकडो-हजारो जनुकं थोडा थोडा हातभार लावतात, आणि ती कातडीवर दिसत नाहीत.

पंढरपुरी म्हशीचं ओळखपत्र म्हणजे तलवारीसारखी, मागे खांद्याच्याही पलीकडे जाणारी शिंगं आणि लांब, अरुंद तोंड. मुऱ्हाच्या रेतनातून आलेल्या वगारीची शिंगं बहुधा आखूड आणि वळलेली निघतात, त्यामुळे पहिल्या पिढीत संकर कळतो. पुढे तीच वगार पुन्हा पंढरपुरी रेड्याला दाखवली की कळत नाही. मेंढ्यांत दख्खनी बहुतेक काळी, राठ लोकरीची. माडग्याळ उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपके, बाकदार नाक. शेळ्यांत उस्मानाबादी, बहुतांश काळी आणि जुळ्यांसाठी नावाजलेली. बार्शी, अक्कलकोट भागात तीच जास्त.

मोजमापाला जनावर सपाट जागेवर, चारी पाय सरळ, सकाळी चाऱ्यापूर्वी उभं करा. उंची वशिंडाच्या मागे, काटकोनी पट्टीने. टेप अंगावरून वळवून घेतलेली उंची चुकते. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे. शिंग बुडापासून टोकापर्यंत बाहेरच्या वळणाने. दात पाहून आदत (दुधाचेच दात असलेलं), दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेलं (सगळे पक्के दात आलेलं) हे लिहा आणि तुलना फक्त जुळलेल्यांची करा. दोनदाती आणि जुळलेली जनावरं एका सरासरीत घातली तर "जातीतला फरक" म्हणून वयाचा फरक छापला जातो. चाऱ्याचंही तसंच: माढ्यातल्या उसाच्या वाढ्यावर वाढलेली कालवड आणि मंगळवेढ्याच्या कोरडवाहू कडब्यावर वाढलेली कालवड यांच्या उंचीतला सगळा फरक रक्ताचा नसतो.

कोणाचा नमुना घ्यायचा

निम्मं काम इथेच बिघडतं. जातीचा अभ्यास असेल तर साधारण 40 ते 50 जनावरं पुरतात, पण ती एकमेकांच्या नात्यातली नसावीत: आई-बाप वेगळे, आजी-आजोबाही वेगळे. एका दावणीतल्या बारा गाई घेतल्या तर बारा नमुने होतात, माहिती तीन-चार गाईंचीच मिळते. एका गोठ्यातून एक, फार तर दोन. एका गावातून पाचाच्या वर नको. आणि गावं तालुक्याच्या वेगवेगळ्या टोकांची. पन्नासांत दहा-बारा नर असू द्या, ते का ते पुढे येईल.

मालकाला विचारायचा प्रश्न "जात कोणती?" असा नसावा. विचारा: ही इथेच जन्मली का, हिची आई कुठून आली, कोणत्या वळूची, रेतन असेल तर कांडीवरचा नंबर काय. गोठवलेल्या वीर्याच्या कांडीवर वळूचा क्रमांक, जात, वीर्यकेंद्र आणि तारीख छापलेली असते. रेतन झाल्यावर ती कांडी उकिरड्यावर जाते आणि तिच्याबरोबर बापाचं नावही. ती टाकण्याआधी फोटो काढायची सवय लावली, तर पाच वर्षांनी निम्म्या चाचण्यांची गरजच उरत नाही.

मेंढ्यांचे वाडे दिवाळीनंतर चाऱ्यामागे लांब जातात. त्यामुळे मेंढ्यांचं नमुनाकाम पावसाळ्यात, वाडे गावाकडे असताना करावं. वाड्यात मेंढपाळ "सगळ्यात देखणी" मेंढी पुढे करतो, ते साहजिक आहे. तिचा फोटो काढा, पण नमुन्याची मेंढी चिठ्ठी टाकून निवडा. देखण्याच मेंढ्या निवडल्या तर जातीची विविधता प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

नमुना घेताना

रक्त पशुवैद्यकाकडूनच काढून घ्या. मानेच्या शिरेतून, गाई-म्हशीला 18 गेजची सुई, 8 ते 10 मिली. नळी कोणती, यात गोंधळ होतो. डीएनएसाठी ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेली, जांभळ्या टोपणाची. हिरव्या टोपणाच्या नळीतलं हेपॅरिन पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची पायरी, अडवतं. गुणसूत्रं मोजायची असतील तर नेमकं उलटं: तिथे हेपॅरिनचीच नळी लागते, कारण पेशी जिवंत ठेवून प्रयोगशाळेत वाढवायच्या असतात, आणि रक्त एका दिवसात पोचलं पाहिजे. ईडीटीएचं रक्त थंड राहिलं तर तीन-चार दिवस निवांत टिकतं.

नळी भरली की आठ-दहा वेळा हळूच उलटी-सुलटी करा. घुसळली तर पेशी फुटतात, नुसती ठेवून दिली तर गाठ होते. गाठीतून डीएनए काढणं म्हणजे डोक्याला ताप. जनावराच्या रक्तातला डीएनए येतो पांढऱ्या पेशींतून, लाल पेशींत केंद्रक नसतं. म्हणून गाईचं रक्त मिलीत मोजून घ्यावं लागतं आणि कोंबडीचं थेंबभर पुरतं. कोंबडीच्या लाल पेशींतही केंद्रक असतं.

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 42-43 अंशांवर जातो. थर्मोकोलच्या पेटीत बर्फाचे पॅक, त्यावर वर्तमानपत्राचे दोन थर, मग नळ्या. नळी बर्फाला थेट चिकटली तर रक्त गोठून पेशी फुटतात. मार्करने लिहिलेला नंबर ओल्या हाताने पुसला जातो, म्हणून चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून वर पारदर्शक टेप. नंबर म्हणून कानातल्या बिल्ल्याचे बाराच्या बारा आकडे लिहा. "तात्यांची कपिली" असं लिहिलेली नळी प्रयोगशाळेत अनाथ होते.

रक्त शक्य नसेल तर केस चालतात. शेपटीच्या गोंड्यातले 30-40 केस बोटाला गुंडाळून एका हिसक्यात उपटा. कापलेले केस बिनकामाचे, डीएनए मुळाशी असलेल्या पांढऱ्या गाठीत असतो, ती दिसते का बघा. कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. ओल धरून बुरशी येते. दर जनावरामागे हातमोजे बदला.

एक जागा अशी आहे जिथे रक्तापेक्षा केसच बरे. गाईला जुळी झाली आणि त्यांची वार पोटात जोडली गेली, तर दोघांच्या रक्तपेशी एकमेकांत मिसळतात. अशा जुळ्यातल्या कालवडीचं रक्त तपासलं तर एका जनावरात दोघांचे मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) दिसतात आणि अहवाल वेडावाकडा येतो. जुळं म्हणून जन्मलेलं जनावर असेल तर अर्जावर तसं लिहा आणि केस पाठवा. (गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, तेही याच कारणाने.)

कोणत्या प्रश्नाला कोणती चाचणी

गुणसूत्रांची संख्या जात सांगत नाही, प्रजाती सांगते: गाय 60, शेळी 60, मेंढी 54, आपली नदीकाठची म्हैस 50, पूर्वेकडची दलदली म्हैस 48. पंढरपुरी आणि मुऱ्हा दोन्ही 50च. त्यामुळे म्हशीतला मुऱ्हाचा संकर गुणसूत्रं मोजून कधीच सापडणार नाही. गाईत मात्र एक खूण उपयोगी आहे. बापाकडून फक्त नराकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा सांधा वशिंडवाल्या देशी वळूत एका टोकाला असतो, युरोपी वळूत मध्याच्या जवळ. खिलार म्हणून आणलेल्या वळूत युरोपी वाय निघालं, तर त्याच्या बापाच्या सरळ रेषेत कुठेतरी जर्सी किंवा होल्स्टीन आहे हे नक्की. नमुन्यांत नर हवेत ते यासाठी. पण देशी वाय निघालं म्हणून तो शुद्ध ठरत नाही, त्याच्या आईचा बाप कोण होता हे वाय सांगत नाही.

मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) डीएनए फक्त आईकडून येतो. आपल्याकडे संकर झाला तो परदेशी वळूच्या वीर्याने, देशी गाईंवर. म्हणून 75 टक्के होल्स्टीन असलेल्या गाईचाही मायटोकॉन्ड्रिया शंभर टक्के देशीच येतो. "मातृवंश देशी" असं प्रमाणपत्र दाखवून कोणी महाग कालवड विकत असेल तर हे लक्षात ठेवा.

परकं रक्त टक्क्यांत हवं असेल तर एसएनपी चिप, म्हणजे डीएनएतले एकेका अक्षराचे हजारो फरक एकदम वाचणारी चाचणी. हैदराबादच्या राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्थेने देशी गाईंसाठी 2021 मध्ये आणलेल्या इंडिगाऊ चिपवर 11,496 मार्कर आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये वाशीमला गाईंसाठी गौ चिप आणि म्हशींसाठी महिष चिप जाहीर झाली. जुनी 50 हजार मार्करची परदेशी चिप वापरली असेल तर जरा जपून: तिच्यावरचे मार्कर मुख्यतः युरोपी जातींत बदल दिसले म्हणून निवडलेले आहेत, त्यामुळे तिच्यावर खिलार उगाचच "कमी विविध" दिसतो. त्या चिपवरून खिलारची होल्स्टीनशी तुलना करू नका.

जातीजातींतलं अंतर आणि पालकत्व यासाठी मायक्रोसॅटेलाइट मार्कर (डीएनएतले ओळीने पुन्हा पुन्हा येणारे छोटे तुकडे) अजूनही चालतात. जातींच्या अभ्यासाला 25 ते 30 घेतात. नोंदणीकृत जातींचं काम कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे आहे. आपल्या बाजूला शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारणा करता येते. आणंदच्या एनडीडीबीच्या (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या) प्रयोगशाळेत गुणसूत्र आणि पालकत्वाच्या चाचण्या होतात. नमुने पाठवण्याआधी फोनवर नळी कोणती, किती मिली, कोणत्या वारी पोचवायचं हे विचारा. शुक्रवारी निघालेलं पार्सल सोमवारपर्यंत उन्हात पडून राहतं.

अहवाल वाचताना

पालकत्वाचा अहवाल सगळ्यात सोपा. दर मार्करला जनावराकडे दोन आकडे असतात, एक आईकडून, एक बापाकडून. समजा बीएम 1824 या मार्करला वासरू 178/182 आहे आणि गाय 178/180. मग 178 आईचा, आणि 182 बापाकडूनच आलेला. वळूकडे 182 नसेल तर इथे मेळ नाही. एकाच मार्करवर मेळ नसेल तर वाचनातली चूक किंवा क्वचित बदल असू शकतो, नमुना पुन्हा चालवायला सांगा. दोन किंवा जास्त मार्करवर मेळ नसेल तर तो वळू बाप नाही.

कळपाच्या अहवालात दोन आकडे शेजारी येतात: प्रत्यक्ष विषमयुग्मता आणि अपेक्षित विषमयुग्मता. शब्द जड आहे, हिशेब साधा. एका मार्करचे दोन प्रकार आहेत, एक 60 टक्के, दुसरा 40 टक्के. मोकळेपणाने जोड्या लागल्या तर 2 × 0.6 × 0.4 = 0.48, म्हणजे शंभरात 48 जनावरांत दोन्ही प्रकार असायला हवेत. प्रत्यक्षात 50 पैकी 18 च निघाली, म्हणजे 0.36. तूट काढायची: 1 − (0.36 ÷ 0.48) = 0.25. अहवालात हीच एफआयएस या नावाने येते.

आता 0.25 बघून लगेच "रक्तातल्या रक्तात झालंय" म्हणू नका. अशी तूट तीन कारणांनी येते. फक्त एकाच मार्करवर असेल तर बहुधा मार्करचा दोष, एखादा प्रकार मशीनला दिसतच नाही. सगळ्या मार्करवर असेल तर खरंच नात्यातल्या जोड्या, नाहीतर दोन वेगळे गट एकत्र मोजले गेलेत. म्हसवडकडचे आणि आटपाडीकडचे खिलार एका यादीत टाकले तरी तूट दिसते. गावं वेगळी करून पुन्हा हिशेब मागा. तूट गेली तर तुमच्याकडे दोन गट आहेत, आणि ही तर कामाची बातमी. तशीच राहिली तर वळूंचा विचार करा.

जातींमधलं अंतर एफएसटीने येतं. ढोबळपणे 0.05 च्या खाली किरकोळ, 0.05 ते 0.15 मध्यम, त्यावर मोठं. शेजारशेजारच्या देशी जातींत हा आकडा लहानच असतो, फरकाचा मोठा वाटा जातीच्या आतच असतो. म्हणून "शुद्ध खिलार" शोधण्यापेक्षा खिलारमधल्या जास्तीत जास्त वेगळ्या वंशरेषा राखणं हे मोठं काम.

वळू किती, किती दिवस

गावात गाई किती यापेक्षा वळू किती यावर सगळं ठरतं. सूत्र असं: नर गुणिले मादी गुणिले चार, भागिले नर-मादींची बेरीज. 200 गाई आणि एक वळू असेल तर 4 × 1 × 200 ÷ 201, म्हणजे जेमतेम 4. जनुकांच्या हिशेबाने ते गाव चार जनावरांचं आहे, हीच परिणामी संख्या. गाई 400 केल्या तरी उत्तर चारच्या पुढे जात नाही. नात्याची वाढ दर पिढीला एक भागिले त्याची दुप्पट, म्हणजे साडेबारा टक्के. पाच वळू केले तर परिणामी संख्या 19.5 आणि वाढ अडीच टक्क्यांच्या आसपास. ती एक टक्क्याच्या आत ठेवायची तर 200 गाईंमागे 14 वळू लागतात, आणि तेही सारखे वापरले तर. कागदावर चौदा आणि कामाला एकच "यात्रेत नंबर आलेला" असं असेल तर हिशेब पुन्हा एकवर येतो.

चौदा वळू एका गावाला परवडत नाहीत. म्हणून चार-पाच गावांनी मिळून चक्र लावायचं. पहिल्या गावाचा वळू दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, शेवटच्याचा पहिल्यात, दिशा कायम तीच. गावात जन्मलेला गोऱ्हा त्याच गावात वळू म्हणून ठेवायचा नाही. त्याला पुढच्या गावात द्या किंवा खच्ची करा.

किती दिवसांनी हलवायचा, हे मुलगी माजावर कधी येते त्यावरून ठरतं. गाय साडेनऊ महिने गाभण, कालवड माजावर यायला अडीच वर्षांच्या आसपास, म्हणजे वळू तीन वर्षांच्या आत हलला पाहिजे. पंढरपुरी रेड्याला तोच हिशेब. मेंढी पाच महिने गाभण आणि कोकरी दहा-बारा महिन्यांत तयार: मेंढा सव्वा वर्षात बदला. शेळीची पाठ (तरुण मादी) सात-आठ महिन्यांत माजावर येते, म्हणून बोकड दर वर्षी. बाप-लेकीच्या जोडीतून झालेल्या पिल्लात नात्याचं प्रमाण 25 टक्के असतं, सावत्र भावंडांत 12.5. परिणाम लगेच डोळ्यात भरत नाही. आधी गाभ राहण्याचं प्रमाण घटतं, मग कोकरं अशक्त निघतात, आणि दोष दिला जातो चाऱ्याला.

माडग्याळ मेंढा निवडताना नाकाच्या बाकावर भाव ठरतो. बाक कितीही असो, तोंड उघडून खालचे दात वरच्या हिरडीला नीट टेकतात का बघा. जबडा पुढे-मागे असेल तर तो मेंढा कितीही किमतीचा असला तरी वाड्यात घेऊ नये; आखूड गवत त्याला आणि त्याच्या पिल्लांना धरता येणार नाही.

जनुक आणायचं असेल तर

एकाच जनुकाने मोठा फरक पडतो, असं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीत फेकबी नावाचं जनुक आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ते दख्खनीत आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. या जनुकाची एक प्रत असलेली मेंढी एकाऐवजी बऱ्याचदा दोन कोकरं देते. मेंढ्याकडे बघून ते आहे की नाही कळत नाही, पीसीआर चाचणीच लागते: साधा प्रकार 190 लांबीच्या डीएनए-पट्ट्यावर, दोन्ही प्रती असलेला 160 वर, एक प्रत असेल तर दोन्ही पट्टे.

दोन प्रतींचा मेंढा साध्या दख्खनी मेंढ्यांवर सोडला तर सगळ्या कोकरांत एक प्रत येते. एक प्रतीचा सोडला तर निम्म्यांत, आणि ती निम्मी कोणती हे तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून विकत घेताना "नारी सुवर्णाचा आहे" यावर भागवू नका, चाचणीचा कागद मागा आणि त्यावरचा बिल्ला नंबर मेंढ्याच्या कानातल्या नंबराशी जुळवा. रोज दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या वाड्यात जुळ्यांना आईचं दूध पुरत नाही. वरचा खुराक आणि मागे राहिलेली कोकरं उचलून न्यायची सोय असेल तरच हे जनुक आणावं, आणि तेही आधी वाड्याच्या चौथ्या हिश्श्यात.

ए-टू दुधाची चाचणीही अशीच एका जनुकाची: बीटा केसिन प्रथिनात 67 व्या जागी प्रोलिन असेल तर ए-टू, हिस्टिडिन असेल तर ए-वन. देशी गाईंत ए-टूच भरपूर सापडतं आणि म्हशींत तर तेच असतं. त्यामुळे "ए-टू आहे" हा जातीच्या शुद्धतेचा पुरावा धरू नका. संकरित गाईतही दोन्ही प्रती ए-टू असू शकतात.